सरकारी क्रीडा कार्यालयं आधुनिक करायची तर सुरुवात कुठून करावी?

नवं ॲप काढावं की आहे तीच पद्धत सुधारावी, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात क्रीडाशिक्षक आहे. शालेय स्पर्धांच्या प्रवेशिकांपासून खेळाडूंना दहावी-बारावीत मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांच्या प्रस्तावांपर्यंत या यंत्रणेशी सतत संबंध येतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी प्रत्येक खेळाडूची सलग नोंद ठेवा, ॲपचं नंतर बघू.

एखादी मुलगी १४ वर्षांखालील गटात कुस्ती जिंकते, मग १७, मग १९. दरम्यान शाळा सुटते, प्रशिक्षक बदलतात, अधिकाऱ्यांची बदली होते. कार्यालयात उरतो फक्त निकाल. गुडघा कधी दुखावला, वजन कसं उतरवलं, कोणत्या डावाला ती सापडते, हे सगळं वस्तादांच्या डोक्यात. नवा प्रशिक्षक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि त्यात मुलीची ऐन उमेदीची वर्षं जातात.

नेमबाजीत हे थोडं सोपं आहे. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर प्रत्येक गोळी कुठे लागली ते लगेच नोंदलं जातं. कुस्तीत आणि फुटबॉलमध्ये ते कुणीतरी बसून लिहावं लागतं, आणि त्या माणसाला त्याचे पैसे मिळायला हवेत. कोल्हापुरातल्या गंगावेस, मोतीबागसारख्या तालमींतले वस्ताद ढाक, कलाजंग हे कुस्तीतले डाव कसे शिकवतात, कोणत्या पोराला किती जोर काढायला लावतात, हे त्यांच्याच बोलीत चित्रित करून ठेवावं. त्यांच्या नावानिशी, मानधन देऊन.

तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य. तिघंही नेमबाज, आणि आपल्याच जिल्ह्यातले. यांनी सराव कसा आखला, पैसा कुठून उभा केला, वाईट दिवस कसे काढले, हे राधानगरी किंवा गडहिंग्लजच्या नवख्या पोरीला सरकारी पातळीवर एका जागी वाचायला का मिळू नये? मला ही फार मोठी उणीव वाटते.

खेळाडूंच्या प्रमाणपत्रांचंही तेच. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून पडताळणी कडकच हवी. पण स्पर्धेचा निकाल त्याच संध्याकाळी मैदानावरच ऑनलाइन चढला, तर बोगस कागदाला वाव राहत नाही आणि खऱ्या खेळाडूचे हेलपाटे वाचतात.

एक काळजी मात्र घ्या. ही मुलं अल्पवयीन असतात. दुखापती आणि तब्येतीची माहिती पालकांच्या संमतीशिवाय नोंदू नये, आणि ती सगळ्यांना उघडी नसावी.

तुम्ही अशा कार्यालयात असाल, तर एकच खेळ, एकच तालुका घ्या आणि वर्षभर नोंदी ठेवून पाहा. रकाने ठरवताना वस्तादांना आणि क्रीडाशिक्षकांना शेजारी बसवा. फॉर्म शेवटी त्यांनाच भरायचा आहे.