क्रिएटिन, क्रिएटिनिन आणि मूत्रपिंडे

प्रश्न : माझा २४ वर्षांचा मुलगा नियमित जिमला जातो आणि काही महिन्यांपासून रोज ५ ग्रॅम क्रिएटिन (स्नायूंसाठी घेतली जाणारी पूरक पावडर) घेतो. नोकरीसाठीच्या वैद्यकीय तपासणीत त्याचे क्रिएटिनिन १.४ आणि ईजीएफआर ७२ आले. या पावडरीमुळे त्याची मूत्रपिंडे बिघडली असतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : केवळ या अहवालावरून तसे म्हणता येणार नाही. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा, स्वतंत्रपणे मोजलेला नसतो. रक्तातील क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ), वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढलेला तो अंदाज असतो, त्यामुळे आपल्याला दोन वाटणारे पुरावे वस्तुतः एकच आहेत. शरीरातील सुमारे ९५ टक्के क्रिएटिन स्नायूंमध्ये साठलेले असते आणि त्यातील जेमतेम २ टक्के रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलून लघवीवाटे बाहेर पडते. पावडरीने हा साठा वाढला की रक्तातील क्रिएटिनिनही थोडे वाढू शकते, आणि मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता तसूभरही घटलेली नसताना सूत्र मात्र ती घटल्याचे दाखवते. पिळदार शरीरयष्टी, आदल्या दिवशीचा जबर व्यायाम किंवा रात्री मटणावर मारलेला ताव यांनीही हेच घडते.

भीतीचे मूळ बरेच जुने आहे. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २५ वर्षांच्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली, क्रिएटिन सुरू केल्यावर त्याचे मूत्रपिंडांचे कार्य मंदावले होते. त्याला आधीपासूनच मूत्रपिंडाचा विकार होता आणि तो सायक्लोस्पोरिन (मूत्रपिंडांवर ताण आणू शकणारे, प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) घेत होता, हा तपशील मात्र चर्चेत मागे पडला. पुढे ब्राझीलमधील संशोधकांनी एकच मूत्रपिंड असलेल्या एका तरुणाला ३५ दिवस क्रिएटिन देऊन गाळण्याची क्षमता थेट मोजली, तेव्हा ती कमी झाली नव्हती. एका माणसावरच्या एवढ्याशा प्रयोगावर फार भिस्त ठेवू नये; परंतु निरोगी व्यक्तींवरील इतर अभ्यासांतही रोज ३ ते ५ ग्रॅम मात्रेने मूत्रपिंडांना अपाय झाल्याचे आढळलेले नाही.

तरीही अहवाल बाजूला टाकू नये. क्रिएटिन ३-४ आठवडे बंद ठेवून, तपासणीपूर्वी दोन दिवस जड व्यायाम टाळून क्रिएटिनिन पुन्हा मोजावे. सोबत, स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेली सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी, लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि रक्तदाब पाहावा. हे सर्व ठीक असेल, तर चिंतेचे कारण सहसा उरत नाही. लघवीतून अल्ब्युमिन जात असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा बंद करूनही क्रिएटिनिन उतरले नाही, तर मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवावे आणि तोवर क्रिएटिन घेऊ नये.

मला अधिक काळजी वाटते ती डब्यावर न लिहिलेल्या, पण मूत्रपिंडांना अपाय करू शकणाऱ्या गोष्टींची. अंग दुखते म्हणून जिमनंतर मुलगा डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतो का, कोणी ‘लवकर बॉडी बनते’ म्हणून इंजेक्शने सुचवली आहेत का, हे त्याला शांतपणे विचारावे आणि उत्तर काहीही आले तरी ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.