पणजीचं माहेर शोधताना

सोलापूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा तू दाखवलेली वंशावळ अजून डोळ्यांसमोरून जात नाही. सहा पिढ्या, सत्तावीस नावं, आणि त्यात बाई एकही नाही. तहसीलला जोडायची वंशावळ तशीच करतात, बापाकडचा धागा जुळला की त्यांचं काम भागतं. तुझं भागणार नाही. जाताना तू दारात म्हणालीस, "पणजीचं नावसुद्धा कुणाला आठवत नाही," तेव्हाच मी ठरवलं की तुला सविस्तर लिहायचं.

आधी अक्कलकोटच्या आत्याआजीकडे जा. कागद कपाटात थांबतील, ती थांबणार नाही. तिला साल विचारू नकोस. मानमोडीची (1918 च्या इन्फ्लुएन्झाची) साथ, सोलापूरचा मार्शल लॉ, चार हुतात्म्यांची फाशी, रझाकारांची धामधूम, बहात्तरचा दुष्काळ, या खुणांच्या आधी की नंतर, एवढंच विचार. मार्शल लॉ 1930 च्या मे महिन्यातला आणि फाशी 12 जानेवारी 1931 ची, म्हणजे साल आपोआप हाती येतं. तिच्याशी कानडीतच बोल. मात्र कानडीत आत्या, मामी आणि सासू तिघींनाही 'अत्ते' म्हणतात, आणि तुमच्याकडे मामा-भाचीची लग्नं झालेली आहेत. म्हणून प्रत्येक 'अत्ते'पाशी थांबून ती कुणाची कोण, ते विचारून घे. नाव सांगितलं की तेही माहेरचं की लग्नातलं, हे विचार. तांदळात लिहिलेलं नवं नाव पुढे सगळ्या कागदांवर जातं आणि जन्माचं नाव मागेच राहतं.

आता मुख्य गोष्ट. पणजीचा शोध तिच्या सासरी घेऊ नकोस, तिच्या पहिल्या मुलाच्या जन्मगावी घे. पहिलं बाळंतपण माहेरी! तुझे आजोबा थोरले. त्यांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढ, त्यात जन्मस्थळाचा रकाना असतो. तिथे तुमच्या गावाऐवजी दुसरंच गाव निघालं, तर ते बहुतेक तिचं माहेर. मग त्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करून गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, पाहा. त्यात तिचं नाव सापडेलच असं नाही, मुलीच्या जन्माला पुष्कळदा बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी' एवढंच लिहिलेलं असतं. पण बाप मिळाला की त्याच्या जमिनीचे फेरफार मिळतात.

त्या फेरफारांत वारस नोंद नीट वाच. 1956 च्या वारसा कायद्यानंतर बापामागे मुलींची नावंही लागू लागली. त्यामुळे तिचा बाप त्यानंतर वारला असेल, तर ती आणि तिच्या बहिणी, सगळ्या सासरच्या नावांनिशी आणि गावांनिशी तिथे सापडतील. लगेच पुढे एखादं हक्कसोडपत्रही असेल. भावासाठी बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडला, खाली वय आणि डाव्या हाताचा अंगठा. मी अशी पत्रं खूप पाहिली. ज्या बाईचं नाव घरच्या कुठल्याच कागदावर नाही, ती सरकारी कागदावर येते ती हक्क सोडताना, हे वाचताना दर वेळी गळा दाटून येतो.

माहेर तुळजापूरच्या बाजूला निघालं, तर तो 1948 पर्यंत निजामाचा मुलूख होता. कागद उर्दूत असतील आणि साल फसली, म्हणजे तिथल्या महसुली गणनेतलं. इसवी सनासाठी त्यात साधारण 590 मिळव. आपल्याकडचे जुने कागद मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं आणि शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून एकच नोंद दोन जाणकारांकडून वेगवेगळी वाचून घे आणि ताडून पाहा.

राहिली समाधी. तुमच्यात दफन करतात, त्यामुळे शेताच्या बांधावर दगड असणार. तारेचा ब्रश, चुना, ॲसिड काही लावू नकोस. मी तुझ्या वयाचा असताना माझ्या आजोबांचा दगड घासून लख्ख केला. अक्षरं स्वच्छ दिसावीत एवढीच इच्छा होती. 'शके 18' राहिलं, पुढचे दोन आकडे भुकटी होऊन माझ्या बोटांना लागले. ती तारीख आता कुणालाच कळणार नाही. तू पाण्याचा हबका मार आणि सकाळी सातच्या तिरप्या उन्हात उभी राहा. झिजलेलं अक्षरही सावलीने उठून येतं. ऊन नसेल तर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धर आणि चारही बाजूंनी फोटो काढ. शकाचं इसवी साल काढायला 78 मिळव. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर 79. नुसतं संवत्सराचं नाव असेल तर घाई करू नकोस. कालयुक्त संवत्सर 1918 लाही होतं आणि 1978 लाही, साठ वर्षांनी नाव फिरून येतं.

आणखी एक. गावात हेळवी येतात का, तेही आत्याआजीला विचार. घराण्याच्या पिढ्या त्यांच्या वहीत असतात आणि ते दारात उभे राहून वाचून दाखवतात. पुढच्या खेपेला आले की त्यांना पणजीच्या माहेरचं गाव सांग. त्या घराची वही कुठल्या हेळव्याकडे आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं.

शाळेचा उतारा मिळाला की मला दाखव. अर्जाचा मसुदा आपण इथे बसून करू. पण आधी अक्कलकोटला जा, या रविवारीच.

तुझा,
काका