पीएस फोर तापून बंद पडतो, थर्मल पेस्ट घरी बदलता येईल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही गोरेगावात राहता आणि तुमचा पीएस फोर (सोनीचा गेम खेळायचा कन्सोल) २०१५ मध्ये घेतलेला, पहिल्या जाड बांधणीचा आहे. मोठा गेम लावला की थोड्या वेळात पंखा ओरडू लागतो, मग 'कन्सोल फार तापला आहे' असा संदेश येतो आणि सगळं बंद. दुकानदाराने थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि तिला थंड करणारा धातू यांच्यामधला लेप, बदलायला सांगितलंय, आणि ते काम घरी जमेल का हे तुम्हाला हवंय.

जमेल. हात स्थिर असेल आणि मोकळा अर्धा दिवस असेल तर नक्की जमेल. पण पेस्टची नळी आणण्याआधी दोष पेस्टचाच आहे का, ते पाहून घ्या. तापणारा प्रत्येक कन्सोल पेस्टमुळेच तापतो असं सरसकट सांगितलं जातं, आणि लोक नको तिथपर्यंत मशीन उघडून बसतात.

आधी कन्सोल टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढा. भिंतीपासून वीतभर पुढे, उघड्या टेबलावर ठेवा आणि तोच गेम लावा. सोनीने या मशीनसाठी भोवतालच्या हवेची मर्यादा ५ ते ३५ अंश सेल्सियस दिलेली आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी खोलीच ३३-३४ अंशांवर असते. त्यात कपाटाच्या बंद कप्प्यात मागून बाहेर पडलेली गरम हवा पुन्हा बाजूच्या फटींतून आत ओढली जाते, म्हणजे ३५ अंश केव्हाच ओलांडले जातात. हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, हवेच्या तुलनेतच थंड करू शकतो: खोली दहा अंशांनी गरम असेल तर पंख्याच्या त्याच वेगाला चिपही साधारण दहा अंशांनी गरम राहणार. डिसेंबरात नीट चाललेलं मशीन मे महिन्यात बंद पडतं ते यामुळे. उघड्यावर ठेवून त्रास थांबला तर पेचकस हातात घेऊच नका, जागा बदला.

तरीही बंद पडत असेल तर पुढची चाचणी करा. माझ्या मते या सगळ्या उत्तरात तीच सर्वात उपयोगाची आहे. पंखा पूर्ण जोरात असताना मागच्या जाळीशी तळहात धरा. हवा कडक गरम आहे पण जेमतेम येतेय, असं असेल तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ अडकली आहे. उष्णता चिपकडून हीटसिंकपर्यंत व्यवस्थित पोचतेय, पण तिला बाहेर पडायला वाट नाही. उलट हवा भरपूर येतेय पण कोमटच आहे आणि पंखा मात्र जिवाच्या आकांताने फिरतोय, असं असेल तर संशय पेस्टवर घ्या. कारण पंखा चिपचं तापमान बघून वेग घेतो, बाहेरच्या हवेचं नाही. चिप होरपळतेय आणि बाहेरची हवा कोमट, याचा अर्थ चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत जातच नाही. गेम सुरू केल्यावर दोन-चार मिनिटांतच पंखा टिपेला पोचत असेल तर हा संशय आणखी पक्का होतो. दहा वर्षांच्या जुन्या मशीनमध्ये दोन्ही दोष एकत्र असणंही अगदी शक्य आहे.

पेस्ट नेमकं काय करते, ते समजून घेतलं की ती कशी लावायची हे आपोआप कळतं. पीएस फोरमध्ये एएमडीने बनवलेली एकच चिप आहे, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही तिच्यातच. भारी गेम चालू असताना जुन्या मॉडेलला दीडशे वॅटच्या आसपास वीज लागते, आणि तिचा मोठा वाटा बाजूला दोन सेंटिमीटरही नसलेल्या त्या सिलिकॉनच्या तुकड्यावर उष्णता होऊन बसतो. तुकड्यावर हीटसिंकचा धातू दाबून बसवलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण त्यांवर सूक्ष्म खड्डे असतात आणि त्या खड्ड्यांत हवा असते. हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्व्हिन, ॲल्युमिनियमची २०० च्या वर. चांगल्या पेस्टच्या वेष्टनावर आठ-साडेआठचा आकडा लिहिलेला असतो. म्हणजे धातूपुढे पेस्ट कितीतरी मागे आहे. तिचं काम एवढंच की खड्ड्यांतली हवा हाकलून ती जागा घ्यायची. म्हणून थर पातळ हवा. जाड थर दिला तर आपणच मधे अडथळा घालतो.

गेम लावला की चिप तापते, बंद केला की निवते. या रोजच्या ताणात पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते, तिच्यातलं तेल सुटतं आणि मधे कोरडा राखाडी पापुद्रा उरतो. तुमच्या मशीनला कुणी हात लावला नसेल तर आत कारखान्यातलीच पेस्ट आहे, आणि एवढ्या वर्षांनंतर ती बदलण्यात चूक काहीच नाही.

सामानासाठी ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडला जा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव दिसेल. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. टी ८ किंवा टी ९ चा सिक्युरिटी टॉर्क्स पेचकस मागा, ज्याच्या टोकाला मधोमध भोक असतं. साधा टॉर्क्स बसत नाही, कारण स्क्रूच्या मधे बारीक खुंटी असते. आतल्या स्क्रूंसाठी फिलिप्सचा बारीक पेचकस लागेल. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, तिथे 'आयपीए' म्हटलं की कळतं. त्याऐवजी हँड सॅनिटायझर मुळीच वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन चिपवर राहून जातं. पेस्ट आर्क्टिक एमएक्स-४ किंवा नॉक्टुआ एनटी-एच१ यांपैकी कुठलीही चालेल. दोन्हींतून वीज वाहत नाही, त्यामुळे कडेला थोडी सांडली तरी शॉर्ट होणार नाही. काउंटरवर बिननावाची पांढरी पेस्ट फार स्वस्तात दाखवतील. ती लावल्यावर फरक पडेल, पण ती लवकर सुकते, आणि हे मशीन पुन्हापुन्हा उघडण्यासारखं नाही. चार ग्रॅमची चांगली नळी काही शे रुपयांत येते, तिथे पैसे वाचवू नका.

उघडण्याआधी गेमचा सेव्ह डेटा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मग वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि अर्धा तास थांबा. मागच्या स्टिकरवर 'सीयूएच' ने सुरू होणारा मॉडेल नंबर असतो, त्याच नंबरचे पायरीपायरीचे फोटो समोर उघडून ठेवा. जाड पीएस फोरमध्येही सुरुवातीच्या आणि नंतरच्या मॉडेलच्या आत फरक आहेत. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर मशीनचं चित्र काढून त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर त्रास होतो.

मागचे चार स्क्रू काढले की खालचं झाकण निघतं. यांतले काही वॉरंटीच्या स्टिकरखाली असतात, पण २०१५ च्या मशीनची वॉरंटी केव्हाच संपलेली आहे. आत पॉवर सप्लायचा काळा डबा दिसेल. त्याचे स्क्रू आणि केबल सोडवून तो सरळ वर उचला, तिरका ओढू नका, खाली पिना आहेत. हा डबा स्वतः कधीच उघडू नका. त्यातले वीज साठवणारे कपॅसिटर वायर काढल्यावरही काही काळ धक्का देऊ शकतात.

डबा उचलला की हीटसिंकची पाती समोर येतात. इथे जरा थांबा आणि नीट बघा. मुंबईतल्या धुळीचा एक विशेष आहे: ती कोरडी नसते. बाजूला पुनर्विकासाचं बांधकाम, खाली खणलेला रस्ता, आणि आपल्या वन रूम किचनमध्ये टीव्हीपासून चार पावलांवर फोडणी. तेलाची वाफ आणि सिमेंटची पूड एकत्र आली की पात्यांच्या तोंडाशी चिकट राखाडी थर जमतो. नुसता ब्लोअर मारून तो निघत नाही. कोरड्या मऊ ब्रशने आधी खरवडून सैल करा, मग ब्लोअर मारा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या झोताने ती भन्नाट फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं. हाताच्या चाचणीत हवा कमी आणि कडक गरम लागली असेल, तर इथूनच मशीन परत जोडा आणि गेम लावून बघा. अनेकांचं काम इथेच संपतं, आणि मुख्य सर्किट बोर्डला हात न लावता संपलं तर ते केव्हाही चांगलं.

पुढे जायचंच असेल तर डिस्क ड्राइव्ह, तिची पातळ रिबन (पट्टीसारखी चपटी केबल), अँटेनाच्या वायरी आणि पत्र्याची आच्छादनं क्रमाने काढावी लागतात. सगळ्यात जास्त नुकसान रिबनचं होतं, कारण लोक ती वायर समजून ओढतात. तिचा खटका आधी नखाने उघडा, मग ती अलगद सरकते. चिपच्या पाठीमागे दोन स्क्रूंनी आवळलेली स्प्रिंगची पकड असते. ते स्क्रू एकदम काढू नका, दोन्ही थोडे-थोडे आलटून पालटून सैल करा. मेमरीच्या चिपांवर मऊ चौकोनी थर्मल पॅड दिसतील. ते फाटले नसतील तर तसेच राहू द्या. त्यांच्या जागी पेस्ट लावायचा मोह होईल, पण तिथली फट मोठी असते आणि पेस्टने ती भरून येत नाही.

जुनी पेस्ट काढताना घाई नको. कापसाच्या बोळ्याचे तंतू राहतात, त्यापेक्षा चष्मा पुसायचं कापड चांगलं. ते अल्कोहोलने ओलं करून एक मिनिट चिपवर ठेवा, पापुद्रा मऊ होतो. चिवट उरला तर जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने काढा. ब्लेड किंवा लोखंडाचं काहीही नको. या चिपवर धातूचं झाकण नाही, सिलिकॉन उघडंच आहे, आणि भोवती मोहरीहून बारीक सुटे भाग आहेत. एक उडाला तर मशीन गेलं. चिप आरशासारखी चमकली आणि हीटसिंकवरचा डागही गेला की मगच नळी उघडा.

पेस्ट हरभऱ्याच्या डाळीएवढी पुरते. मधे ठेवा आणि कार्डाने चारही कोपऱ्यांपर्यंत पातळ पसरा. काही जण मधे ठिपका ठेवून दाबाने पसरू देतात. झाकण असलेल्या कॉम्प्युटर प्रोसेसरवर ते ठीक आहे. उघड्या चिपवर एखादा कोपरा कोरडा राहिला तर तेवढाच भाग तापत राहतो, म्हणून मी पसरूनच लावतो. मग बोर्ड सरळ खाली बसवा, बसल्यावर हलवू नका आणि पकडीचे दोन स्क्रू पुन्हा आलटून पालटून आवळा.

जोडल्यावर आधी होम स्क्रीनवर दहा मिनिटं राहू द्या, नंतर तोच गेम त्याच जागी लावा आणि हात पुन्हा जाळीशी धरा. काम जमलं असेल तर पंखा हळू असेल आणि तरीही हवा आधीपेक्षा गरम लागेल. याने घाबरू नका. उष्णता आता बाहेर येतेय, हेच हवं होतं.

पीएस फोरच्या स्लिम आणि प्रो मॉडेलचंही काम याच धर्तीवर चालतं. पीएस फाइव्ह मात्र घरी उघडून पेस्ट बदलायला जाऊ नका. त्यात सोनीने पेस्टऐवजी द्रवरूप धातू वापरलाय. त्यातून वीज वाहते, तो ॲल्युमिनियम खातो आणि एक थेंब बोर्डवर गेला तर पुरे. पीएस फाइव्हला धूळ साफ करायची भोकं बाजूच्या झाकणांखालीच दिली आहेत, झाकणं काढून तेवढं व्हॅक्युम क्लीनरने केलंत तरी पुष्कळ.

हे सगळं वाचून बोर्ड काढायचं धाडस होत नसेल तर दुकानात जरूर द्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त समोर बसून काम करून घ्या, पेस्टची नळी स्वतः घेऊन जा, आणि पात्यांतली धूळ काढायला व मेमरीचे पॅड जागेवर ठेवायला आधीच सांगा. पेस्ट बदलूनही मशीन बंद पडलं तर पंखा पूर्ण वेग घेतोय का आणि पॉवर सप्लाय ठीक आहे का, ते तपासायला सांगा. अशा वेळी कुणी चिपला हीट गनने शेक देऊ असं म्हणाला तर मशीन उचला आणि घरी या. त्या शेकाने कधी-कधी कन्सोल काही आठवडे चालतो, पण बोर्डवरचे इतर जोड सैल होतात आणि मग दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही.