कोथरूडचा फ्लॅट विकून पार्माच्या डोंगरातलं दगडी घर घ्यावं का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. पार्माजवळ नोकरी, पक्का करार, इटलीत हे चौथं वर्ष, सध्या भाडं ५५० युरो. लांगिरानोच्या वरच्या डोंगरात एक हेक्टर जमिनीसह जुनं दगडी घर ९५,००० युरोला मिळतंय. एजंटच्या अंदाजाने दुरुस्ती ६०,००० युरो. त्यासाठी २०१२ मध्ये ४८ लाखांना घेतलेला कोथरूडचा फ्लॅट १ कोटी १० लाखांना विकायचा विचार आहे. शनिवारपर्यंत ५,००० युरोचा चेक देऊन खरेदी-प्रस्तावावर सही करा, असं एजंट म्हणतोय.

शनिवारी सही करू नका. फ्लॅट विकणं आणि हे घर घेणं हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि तुम्ही ते एकात बांधलेत. पहिला मला पटतो. दुसरा तुमच्या पैशात बसत नाही.

आधी फ्लॅट. नफा ६२ लाख. अनिवासी म्हणून महागाई-निर्देशांकाचा पर्याय तुम्हाला नाही, तो फक्त निवासींना आहे. १२.५ टक्के कर, नफा ५० लाखांच्या वर म्हणून १० टक्के अधिभार आणि ४ टक्के सेस धरून सुमारे ८.९ लाख होतात. खरेदीवेळची स्टँप ड्युटी खर्चात मिळवलीत तर थोडे कमी. हे पैसे इटलीतल्या घरात घातले म्हणून भारतात करसवलत मिळणार नाही. ती भारतातल्याच घरासाठी आहे. इटलीत मात्र पाच वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या घराच्या विक्रीनफ्यावर कर नाही.

अडचण टीडीएसची आहे. विक्रेता अनिवासी असला की खरेदीदार नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर कर कापतो. म्हणजे १६.४ लाखांच्या आसपास कापले जातील आणि साडेसात लाख परतावा येईपर्यंत अडकतील. म्हणून विसारपावती झाली की लगेच कमी कपातीच्या प्रमाणपत्रासाठी आयकर खात्याकडे अर्ज करा आणि ते हातात येईपर्यंत खरेदीखत करू नका. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्यात) येतील, तिथून सीएच्या प्रमाणपत्रावर बाहेर नेता येतील. वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे, तुम्हाला ती आड येत नाही. दलाली वगैरे जाऊन, युरोला शंभर रुपये धरले तर एक लाख युरो हाती येतील.

आता घर. रेजिदेन्झा (राहण्याचा नोंदणीकृत पत्ता) त्याच कोमूनेत (नगरपालिकेच्या हद्दीत) असेल किंवा १८ महिन्यांत नेलीत तर पहिल्या घराची सवलत मिळते: नोंदणी कर २ टक्के, किमान १,००० युरो. घर खासगी मालकाकडून घेताय, म्हणून हा कर किमतीवर न लावता कातास्तोच्या (सरकारी मालमत्ता-नोंदवहीच्या) मूल्यावर लावून घेता येतो, पण खरेदीखतात तशी मागणी करावी लागते. कातास्तोचं रेंदिता (नोंदवहीत धरलेलं घराचं वार्षिक उत्पन्न) ३०० युरो असेल तर मूल्य ३४,६५० होतं आणि कर किमान रकमेवरच थांबतो. जमीन शेतजमीन म्हणून नोंदलेली असेल तर तिच्या किमतीवर १५ टक्के, कारण तुम्ही शेतकरी नाही. एजंटचे ४ टक्के अधिक २२ टक्के व्हॅट म्हणजे ४,६००. नोताइओ (खरेदीखत करणारा कायदेशीर अधिकारी), जेओमेत्रा (मोजणी आणि नकाशे करणारा तंत्रज्ञ) आणि किरकोळ कर मिळून सगळा खर्च ११,००० च्या घरात जातो. घर १,०६,००० ला पडलं. हातातले लाख संपले, उलट सहा हजार कमी पडले, आणि छपराला अजून हात लागलेला नाही.

दुरुस्तीवर ५० टक्के करसवलत आहे, असं एजंटने सांगितलं असणार. २०२५ मध्ये मुख्य घरासाठी ९६,००० युरोच्या मर्यादेत ती होती, खरं आहे. पण आधी सगळे ६०,००० तुम्ही भरायचे, तेही ठरावीक नमुन्याच्या बँक ट्रान्सफरनेच, आणि मग वर्षाला ३,००० असे दहा वर्षांत आयकरातून वळते होणार. शिवाय डोंगरातल्या दगडी घरात छप्पर उघडलं की तुळया कुजलेल्या निघतात, भूकंपनियमांसाठी स्ट्रक्चरल इंजिनियर लागतो आणि अंदाज मागे पडतो. त्यात पार्माचा आपेनाइन डोंगर म्हणजे भूस्खलनाचा मुलूख. १९९४ मध्ये तिथल्या कोर्नील्यो गावाचं जुनं भूस्खलन पुन्हा हललं आणि काही वर्षं सरकत राहिलं. प्रदेश सरकारच्या भूस्खलन नकाशावर हा प्लॉट बघा. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघालेल्या असतील तर कारण कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्या एक हेक्टरकडे मी सर्वात बारकाईने बघेन. शेजारी स्वतः कसणारा शेतकरी असेल आणि त्याची जमीन लागून असेल, तर शेतजमीन घेण्याचा पहिला हक्क त्याचा. मालकाने त्याला रीतसर कळवायचं, त्याच्याकडे ३० दिवस असतात. कळवलंच नाही, तर तुमच्या खताच्या नोंदणीनंतर वर्षभरात तो त्याच किमतीत जमीन सोडवून घेऊ शकतो. शेजाऱ्याचा लेखी नकार मागा.

कागदांचंही तसंच. नकाशात गोठा आणि प्रत्यक्षात स्वयंपाकघर, असं या घरांत सर्रास आढळतं. कातास्तोचा नकाशा जुळला नाही तर खत होत नाही. कोमूनेतली जुनी फाइल जेओमेत्राकडून काढून घ्या. महिनाभर सहज जातो. प्रस्तावावर सही कधी करायचीच झाली तर त्यात लिहून घ्या: कर्जमंजुरी आणि बांधकामाची कायदेशीरता सिद्ध न झाल्यास प्रस्ताव रद्द, चेक परत. ही अट नसेल आणि मालकाने प्रस्ताव स्वीकारल्यावर तुम्ही मागे फिरलात, तर ५,००० गेले.

माझा सल्ला असा. फ्लॅट विका. ठेवून भाड्याने दिलात तर अनिवासी मालकाच्या भाड्यावर भाडेकरूने कर कापायचा असतो, ते भाडं इटलीतही दाखवायचं आणि वर खरेदी किमतीवर १.०६ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ५१,००० रुपये, इटलीचा परदेशी मालमत्ता कर. पण विक्रीच्या पैशातून खोऱ्यातलं, बसरस्त्यावरचं, आजच राहता येईल असं घर बघा. ९०,००० चं घर, त्यात ४५,००० कर्ज: साडेतीन टक्क्यांनी २० वर्षांसाठी हप्ता २६१ युरो, आजच्या भाड्याच्या निम्म्याहून कमी. घरात आणि खर्चात तुमचे ५५,००० जातील, ४५,००० हाताशी उरतील. नोकरी गेली तर परमेस्सोवर (राहण्याच्या परवान्यावर) नवी शोधायला किमान वर्षभर मिळतं. ते वर्ष या पैशावर निघेल. दगडात गुंतलेल्या पैशावर निघणार नाही, कारण डोंगरातली घरं विकायला वर्षं लागतात. आणि पाच वर्षांच्या आत विकून वर्षभरात स्वतः राहायला दुसरं घर घेतलं नाहीत, तर सवलतीने वाचलेला कर दंडासह भरावा लागतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा: गेल्या वर्षांच्या इटालियन विवरणपत्रांत क्वाद्रो आर-डब्ल्यू (परदेशी मालमत्तेचा भाग) भरून कोथरूडचा फ्लॅट आणि एनआरओ खातं दाखवलंय का? नसेल तर दंड दर वर्षी न दाखवलेल्या रकमेच्या ३ ते १५ टक्के असतो. स्वतःहून दुरुस्ती केली तर तो बराच उतरतो, पण खात्याची नोटीस येण्याआधी. खात्यांची माहिती दोन्ही देश एकमेकांना देतात, आणि लाखभर युरो आले की बँक उगम विचारणारच. या आठवड्यात कोमेर्चालिस्ताकडे (इटलीतल्या करसल्लागाराकडे) जा, एजंटला शनिवारी फोनवर नाही म्हणा.