बेडकाच्या गर्भात मेंदू कुठे बनायचा हे पेशींना कोण सांगतं?

तुम्ही विचारलंय की बेडकाच्या गर्भातल्या पेशींना 'तू मेंदू हो' असा सिग्नल नेमका कोणता मॉलिक्यूल देतो. मी ठाण्यात बीएस्सीच्या मुलांना झूलॉजी शिकवते आणि दरवर्षी हाच प्रश्न येतो, पण गंमत म्हणजे प्रश्नच उलटा आहे. सिग्नल खरं तर 'त्वचा हो' असा असतो, तो बीएमपी नावाचं प्रोटीन देतं, आणि ज्यांच्यापर्यंत तो पोचत नाही त्या पेशी नर्व्हस सिस्टिमच्या वाटेला लागतात.

१९२४ साली श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड या जर्मन शास्त्रज्ञांनी न्यूटच्या (बेडकाचाच लांबचा भाऊबंद) गर्भातला एक छोटा तुकडा, ब्लास्टोपोरचा (पेशी जिथून गर्भात आत वळतात त्या भोकाचा) वरचा ओठ, दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडे लावला तर तिथे अख्खी दुसरी पाठ आणि मज्जासंस्था उभी राहिली, श्पेमानला १९३५ला नोबेल मिळालं, हिल्डे बिचारी १९२४मध्येच भाजून गेली. मग लोक पुढची कित्येक वर्षं तो जादूचा मॉलिक्यूल शोधत बसले आणि फसले, कारण मेलेला तुकडा, अगदी मिथिलीन ब्लू हा रंग लावला तरी न्यूटच्या पेशी मेंदूकडे वळायच्या!

उत्तर झेनोपस या आफ्रिकन बेडकाने दिलं (येऊरला पावसात ओरडतात ते हे नव्हेत). त्याच्या गर्भाच्या वरच्या टोकाच्या पेशी एकत्र ठेवल्या तर त्वचा होते, पण सुट्या करून काही तास तशाच ठेवल्या तर त्यांच्यात नर्व्हस पेशींची लक्षणं दिसतात, कारण एकमेकींना बीएमपीचा निरोपच पोचत नाही. १९९२ला नॉगिन हे प्रोटीन सापडलं, मग कॉर्डिन, फॉलिस्टॅटिन. ही तिन्ही त्या ओठातून बाहेर पडतात आणि बीएमपीला वाटेतच धरून ठेवतात, म्हणजे ठाणे स्टेशनला कोणी ओळखीचं भेटून हात धरून गप्पा मारत बसलं की आपली लोकल जाते ना, तसं. एक काढलं तर फार बिघडत नाही, तिन्ही एकदम काढली तर न्यूरल प्लेट (जिच्यातून पुढे मज्जासंस्था बनते तो थर) जवळजवळ गायब.

फक्त 'अडवलं की झालं' असंही नाही हां, एफजीएफ नावाच्या आणखी एका प्रोटीनचा सिग्नलही लागतो. आणि अडवून जे बनतं ते पुढच्या मेंदूसारखं असतं, मागचा मेंदू आणि मणक्यातली दोरी व्हायला विंट (Wnt) हे सिग्नल देणारं प्रोटीन, एफजीएफ आणि रेटिनोइक ॲसिड (व्हिटॅमिन ए पासून बनणारं) लागतं.

परीक्षेत मात्र आधी 'ऑर्गनायझर' (त्या ओठालाच असं म्हणतात) शब्द लिहा, पेपर तपासणारे तोच शोधतात.