वाचक विचारतात : पाच गावांची वाट आणि जुलैचे ऊन

प्रश्न : माझे वय ६१ आणि पत्नीचे ५८. मुलगा नोकरीनिमित्त मिलानला असतो आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. लिगुरियाच्या किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच गावांना जोडणारी पायवाट एका दिवसात पुरी करावी, असा माझा बेत आहे. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई हे सर्व आम्ही केलेले आहे. शिवाय ही वाट जेमतेम बारा किलोमीटरची आणि समुद्रकाठची आहे. मुलगा मात्र ‘जुलैत नको’ म्हणतो. तो उगाच घाबरतो आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चिरंजीवांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. जुलैत या वाटेवर अवश्य चालता येते. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही ओळीने वसलेली पाचही गावे एका दिवसात पायी पुरी करण्याचा हट्ट मात्र सोडावा.

पहिली गोष्ट अशी की ‘समुद्रकाठची वाट’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गुहागर किंवा हर्णैची पुळण येते, तशी ही वाट नाही. येथे डोंगर थेट समुद्रात उतरले आहेत आणि गावे त्यांच्या खाचांत वसली आहेत. त्यामुळे एका गावातून दुसऱ्या गावात जाताना बहुतेक टप्प्यांवर दीड-दोनशे मीटर चढून पुन्हा उतरावे लागते, आणि तेही बहुतांशी उंचसखल दगडी पायऱ्यांवरून. दुसरी गोष्ट म्हणजे ही सलग वाट गेली बरीच वर्षे सलग राहिलेलीच नाही. मानारोला आणि कोर्नील्या यांमधील किनाऱ्यालगतचा टप्पा दरडींमुळे बंद आहे, आणि त्याऐवजी वर वोलास्त्रा या वाडीपर्यंत चढून जाणारी जी वाट आहे, तिच्यावर मानारोलाच्या बाजूने हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. म्हणजे आपण धरलेले बारा किलोमीटर कागदावरचेच आहेत.

आता उन्हाविषयी. आपण सांगितलेले गड बहुधा पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात केले असतील. मे महिन्यात भर दुपारी हरिश्चंद्रगडाला निघणारा जाणता भटका विरळाच. चिंक्वे तेर्रेमध्ये जुलैतील दुपारचे तापमान एरवी अठ्ठावीस-तीस अंशांच्या आसपास असते, आणि उष्णतेची लाट आली की त्याहून वर जाते. हा आकडा पुणेकराला किरकोळ वाटतो आणि तेथेच फसगत होते. हवा दमट असते, डोंगराच्या खाचांत वारा पडलेला असतो आणि द्राक्षाचे वेल मुद्दाम ठेंगणे ठेवलेले असल्यामुळे मळ्यांतून जाणाऱ्या वाटेवर सावली जवळजवळ नसते. त्यात आपण पुणे सोडाल ते पावसाळ्यात. उन्हाळ्यात शरीराने कमावलेली उष्णता सोसण्याची सवय जूनच्या पहिल्या सरींनंतर ओसरू लागते आणि ती नव्याने अंगी यायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून मिलानला उतरल्यावर दोन-तीन दिवसांतच ही वाट धरू नये, मुक्कामाच्या उत्तरार्धात धरावी.

या डोंगरांची बांधणीही उष्णतेला हातभार लावते. येथील शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे खपून, चुना किंवा सिमेंट न वापरता, नुसते दगडावर दगड रचून उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते उभी केली. याच भूदृश्यासाठी १९९७ मध्ये ही गावे शेजारच्या पोर्तोवेनेरे गावासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, १९९९ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१८ मध्ये असे कोरडे बांध रचण्याच्या कलेलाही युनेस्कोची स्वतंत्र मान्यता मिळाली. त्या मान्यतेत इटलीबरोबर युरोपातील आणखी काही देश आहेत. हे बांध दुपारभर तापतात आणि संध्याकाळी ती उष्णता परत सोडतात. जाता जाता हेही सांगावेसे वाटते की शेती परवडेनाशी झाल्यावर जेथे शेते ओस पडली, तेथे बांधांची डागडुजी थांबली आणि उतार ढासळू लागले. दरडींमुळे बंद झालेल्या वाटांचा अनुभव घेताना ही बाजूही ध्यानात असावी. जे शेतकरी अजून टिकून आहेत, ते द्राक्षांच्या पाट्या एकाच रुळावरून डोंगरावर सरपटत चढणाऱ्या छोट्या गाड्यांतून वाहतात. वाटेवरून या गाड्यांचे रूळ दिसतील. त्यांवर पाय ठेवू नये.

वेळेचे गणित किनाऱ्याच्या तोंडावरून मांडावे. हा किनारा नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे आणि पाठीशी उंच डोंगर आहेत. म्हणून सूर्योदयानंतर बराच वेळ हे उतार सावलीत राहतात आणि दुपारनंतर मात्र ऊन समोरून थेट अंगावर येते. आपल्याकडे ‘उन्हे उतरली की निघू’ असे म्हणण्याची पद्धत आहे, ती येथे उपयोगाची नाही, कारण जुलैत सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो आणि सायंकाळी सहालाही वाट तापलेलीच असते. चालायचे ते सकाळीच.

म्हणून मिलानहून एका दिवसात जाऊन येण्याचा विचार सोडावा. रेल्वेने मोंतेरोस्सोला पोहोचायला साधारण तीन तास लागतात आणि अशा प्रवासात माणूस नेमका दहा-अकराच्या उन्हात चालू लागतो. मोंतेरोस्सोत किंवा शेजारच्या लेवांतोत रात्रीचा मुक्काम करावा आणि सकाळी सातच्या आत पायऱ्यांना लागावे. मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा हा टप्पा साडेतीन किलोमीटरच्या आसपास असला तरी आपल्या वयाला दोन तास धरावेत. सुरुवातीलाच खडी चढण आहे आणि ती सावलीत उरकणे हाच लवकर निघण्याचा मुख्य लाभ. शेवटी वाट उतरू लागते तेव्हा बंदर, चर्च आणि बुरूज यांसह संपूर्ण वेर्नात्सा पायांखाली दिसते. छायाचित्रांत पाहिलेले दृश्य ते हेच. नऊच्या सुमारास तेथे पोहोचल्यावर सावलीत बसून पुढचे ठरवावे. दोघांनाही उत्साह असेल, तर प्रेवो या वस्तीवरून जाणारा कोर्नील्याचा टप्पा घ्यावा. त्याची सर्वांत उंच जागा समुद्रापासून दोनशे मीटरांच्या थोडी वर आहे आणि त्यालाही दोन तास द्यावेत. एकाचीही कुरकुर असेल, तर तेथूनच रेल्वे पकडावी. गावे एकमेकांपासून गाडीने काही मिनिटांच्या अंतरावर आहेत आणि बहुतेक वाट बोगद्यांतून जात असल्यामुळे तेवढाच गारवा मिळतो.

कोर्नील्या हे पाचांतील एकमेव गाव असे की जे पाण्याला लागून नाही. ते सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर आहे. म्हणून प्रवासी बोट तेथे लागत नाही आणि स्थानक व गाव यांमध्ये पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. वेर्नात्साहून पायी आल्यास या पायऱ्या उतरायच्या असतात, उलट दिशेने आल्यास चढायच्या. मी वरील दिशा सुचवली त्यामागे हेही एक कारण आहे.

आपल्याला एकच टप्पा करायचा असेल आणि गर्दीचा कंटाळा असेल, तर माझी पसंती वोलास्त्राच्या वाटेला आहे. मानारोलाहून वोलास्त्रापर्यंत बस जाते, त्यामुळे त्या हजारभर पायऱ्या टळतात. पुढची बरीचशी वाट द्राक्षमळ्यांतून, समुद्र डाव्या हाताला ठेवून, सपाटीने जाते आणि अखेरीस कोर्नील्याला उतरते. अखेरचा उतार गुडघ्यांची परीक्षा पाहतो. काठी जवळ असावी. ही वाट उघड्या मळ्यांतून जात असल्याने सकाळची पहिली बस गाठणे येथे अधिकच अगत्याचे आहे.

मोंतेरोस्सो–वेर्नात्सा आणि वेर्नात्सा–कोर्नील्या या दोन टप्प्यांसाठी उद्यानाचे सशुल्क कार्ड लागते. त्याचाच एक प्रकार रेल्वेसह मिळतो आणि ज्येष्ठांनी तोच घ्यावा, कारण मग मध्येच चालणे थांबवताना पैशांचा विचार आडवा येत नाही. रिओमाज्जोरे ते मानारोला हा सुमारे एक किलोमीटरचा सपाट मार्ग २०१२ मध्ये दरड कोसळून काही पर्यटक जखमी झाल्यामुळे बंद झाला होता. तो २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला असून त्यासाठी वेळ आधी राखून ठेवावी लागते. गर्दीच्या काही दिवशी ठरावीक टप्प्यावर एकाच दिशेने सोडतात आणि हवामानाचा इशारा असल्यास वाटा बंद ठेवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी उद्यानाचे संकेतस्थळ पाहून मगच गजर लावावा.

प्रश्न : आम्ही वडिलांनाही याच भागात नेणार आहोत. त्यांचे वय ७२ असून रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत. उष्माघात झाला हे कसे ओळखावे? घाम थांबला म्हणजे उष्माघात, असे ते म्हणतात आणि खिशात कांदा ठेवून निर्धास्त राहतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : खिशातल्या कांद्याने काहीही होत नाही; त्या खिशात जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. घामाविषयीची समजूत अधिक धोक्याची आहे, कारण श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असतानाही शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेले असू शकते. लक्ष ठेवायचे ते मेंदूच्या लक्षणांवर. डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे, गरगरणे एवढ्यावरच थांबले असेल, तर सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत, कपडे भिजवून वारा घालावा आणि घोट घोट पेय द्यावे. अर्ध्या तासात उतार पडला तरी त्या दिवशी पुढे चालू नये. बोलणे असंबद्ध झाले, पाय लटपटू लागले, माणूस चिडचिडा झाला किंवा ओळख विसरू लागला, तर तो उष्माघात समजून ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि मदत येईपर्यंत मिळेल त्या पाण्याने अंग थंड करत राहावे. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला पाणी पाजू नये.

चालताना तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी पुरेसे असते. नुसते पाणीच भरमसाट पिण्याने रक्तातील सोडियम उतरते, म्हणून अधूनमधून जलसंजीवनी घ्यावी. गावांतील सार्वजनिक नळांवर बाटल्या भरून घ्याव्यात आणि दोन गावांच्या मध्ये पाणी मिळेल असे धरून चालू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, तर काही हृदयाची गती वाढू देत नाहीत. दोन्हींमुळे उन्हात सोसण्याची ताकद घटते. गोळ्या मनाने बंद करू नयेत, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना हा बेत सांगून त्यांचा सल्ला घ्यावा. वडिलांसाठी पायऱ्यांचा एकही टप्पा ठेवू नये. रिओमाज्जोरेचा सपाट मार्ग सकाळी आणि गावागावांना लागणारी बोट, एवढे त्यांना पुष्कळ आहे.

प्रश्न : या वाटेवर मागे पट्टा असलेले सँडल चालतील का? आणि आम्ही शाकाहारी आहोत. सोबत काय न्यावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : साध्या चपला आणि गुळगुळीत तळव्याची पादत्राणे घालून वाटेवर आल्यास उद्यान दंड करू शकते आणि तो पन्नास युरोंपासून सुरू होतो. पट्ट्याच्या सँडलवरून वाद घालत बसण्यापेक्षा खाचांचा तळवा असलेले बंद बूटच घालावेत. उतारावरच्या झिजलेल्या दगडांवर त्यांचाच आधार असतो.

खाण्याची अडचण येणार नाही. ऑलिव्ह तेल लावलेली फोकाच्चा ही जाड पोळीसारखी भाजलेली रोटी सकाळी बेकरीत ताजी मिळते, ती उन्हात खराब होत नाही आणि तिच्यातील मीठ घामाने गेलेल्या मिठाची भरपाई करते. हरभऱ्याच्या पिठाची फारिनाता हाही चांगला पर्याय आहे, मात्र ती गरम असतानाच खावी. तुळशीच्या कुळातील बासिलची हिरवी पेस्तो चटणी या प्रांताचीच आहे. तिच्यात चीज असते आणि ते पार्मिजानो असल्यास वासराच्या जठरातील विकर वापरून विरजलेले असते. हे ज्यांना चालत नाही, त्यांनी चटणी चीजविरहित आहे का, हे विचारून घ्यावे.