दरवर्षी वाचलेल्या कादंबऱ्यांची नोंद कशी ठेवावी? वहीत की एक्सेलमध्ये?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. यादी वहीत ठेवू की एक्सेलमध्ये, ही एक. आणि वर्षाला किती कादंबऱ्या झाल्या म्हणजे वाचन चांगलं म्हणायचं, ही दुसरी. पहिलीचं उत्तर खाली कुठेतरी येईल. दुसरी वाचली आणि राहवलं नाही, कारण हा 'किती' आमच्या भाऊजींचा शब्द आहे आणि त्यावरून आमचं भांडण पाव शतकाहून जुनं आहे.

मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजारातलं, सासर कारेलीबागेत. कापडाच्या एका पेढीवर 31 वर्षं नामं लिहिलं. नामं म्हणजे हिशेब. शेठ मला गमतीनं मेहताजी म्हणायचे. सरकारी हिशेब मार्चअखेर बंद व्हायचे, पण चोपडापूजन दिवाळीलाच. त्या दिवशी शेठ प्रत्येकाला लाल कापडी बांधणीचा एक कोरा चोपडा, म्हणजे हिशेबाची वही, द्यायचे. घरी दूधवाल्यापलीकडे हिशेब तो काय असणार? म्हणून 1986 च्या दिवाळीत मिळालेल्या चोपड्यात वाचलेल्या कादंबऱ्या लिहायला घेतल्या. वर लिहिलं संवत 2043 (इथलं विक्रम संवत, दिवाळीनंतर बदलतं), खाली शुभ-लाभ, आणि मग कादंबरी.

त्यामुळे माझं वाचनाचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं. आपला पाडवा आणि इथलं बेसतं वर्ष, म्हणजे गुजराती नवं वर्ष, एकाच दिवशी. जानेवारीपासून धरलंत तरी कुणी अडवणार नाही, पण दिवाळीचा एक फायदा सांगते. दिवाळी अंक त्याच सुमारास येतात, संक्रांतीपर्यंत पुरतात, आणि त्यांतल्या कादंबऱ्या सगळ्या एकाच वहीत पडतात. 1 जानेवारी धरली की अर्धे अंक या वर्षी, अर्धे त्या वर्षी. अंकातली कादंबरी मी धरते. पुढे तिचं पुस्तक आलं आणि लेखकानं वाढवलेली असली तर वेगळी ओळ लिहून पुढे 'पुन्हा' टाकते.

आता भाऊजी. माझे धाकटे दीर, नोकरीनिमित्त पुण्याला गेले ते तिकडचेच झाले. वाचन दांडगं, यात वाद नाही. पण दर 31 डिसेंबरला फोन येणार. "वहिनी, यंदा 104." मागच्या वर्षी 101, त्याआधी 98. नावं नंतर, आकडा आधी. क्रिकेटचा स्कोअर असल्यासारखा.

1998 ची दिवाळी. सगळे आमच्याकडे जमलेले. भाऊबिजेला दुपारी जेवणं झाल्यावर भाऊजींनी संवत 2054 चा चोपडा हातात घेतला, शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, अख्ख्या वर्षात 13?"

"13 नाही, साडेबारा," मी म्हटलं.

त्याचं असं झालं होतं. त्या वर्षी मी 'सरस्वतीचंद्र' वाचायला घेतली होती, गुजरातीतूनच. पेढीवर दिवसभर गुजराती लिहिल्यावर वाचायला अडचण नव्हती. गोवर्धनराम त्रिपाठींची ही कादंबरी चार भागांत आहे. पहिला भाग 1887 मध्ये आला आणि चौथा 1901 मध्ये. म्हणजे ज्यांनी ती तेव्हा वाचली त्यांना शेवटासाठी 14 वर्षं थांबावं लागलं. मला थांबायचं नव्हतं, सेंट्रल लायब्ररीत चारही भाग होते. मांडवीजवळची लायब्ररी. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून तिची घडी बसवली. आत लोखंडी मांडण्या, आणि वरच्या मजल्यांची जमीन जाड काचेची, खाली उजेड उतरावा म्हणून. लहानपणी त्या काचेवर पाय ठेवायला मी घाबरायचे. (भाऊजी पुण्याच्या ग्रंथालयांबद्दल बोलायला लागले की मी या काचेचा विषय काढते. वयानं मोठं होऊनही आम्ही शहरांवरून भांडतो, काय करणार.)

तर तीन भाग झाले. चौथा सगळ्यांत जाड, आणि त्यात गोष्ट थांबून थांबून चिंतन सुरू होतं. 212 व्या पानावर मी हात टेकले. चोपड्यात लिहिलं: 'भाग 4, पान 212, सोडली. पेढीवर ऑडिट.' आणि संख्येच्या रकान्यात अर्धा मांडला.

भाऊजी म्हणाले, "अर्धी कादंबरी कोण मोजतं? तीन भाग वाचलेत तर तीन लिहा. पुरी झाली नाही म्हणत असाल तर शून्य लिहा."

आमचे हे पेपराआडून म्हणाले, "तीनच लिही ना. 15 होतील."

आता तुम्हीच सांगा. चार भागांची कादंबरी ही एक की चार? मी म्हणते एक, कारण माणसं तीच, गोष्ट तीच, आणि लिहिणाऱ्यानंही ती एकच म्हणून लिहिली. भाऊजी म्हणतात चार, कारण बाइंडिंग चार. बाइंडिंग मोजायचं असेल तर बाइंडरला जाऊन विचारा. 'रणांगण' एका रविवारी वाचून होते. विश्राम बेडेकरांची, 1939 ची, बोटीवरच्या एका प्रवासाएवढी. भाऊजींच्या यादीत तीही एक, आणि महिनाभर उशाशी घेऊन वाचावी लागणारी पौराणिक कादंबरीही एक. कापडाच्या पेढीत वर्षं काढली म्हणून सांगते, ताके मोजून कापडाची प्रत कळत नाही. शंभरी गाठायची म्हटलं की माणूस बारीक पुस्तकं शोधायला लागतो. डिसेंबरात भाऊजींच्या हातात कधी 150 पानांच्या वर काही दिसलं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

म्हणून 'किती'चं माझं उत्तर: काहीही.

नोंदीत काय लिहायचं ते मात्र मन लावून ठरवा. माझ्या पहिल्या चार-पाच वर्षांच्या वह्या आज माझ्याच उपयोगाच्या नाहीत. 'छान.' 'बरी.' 'खूप छान, शेवट रडवतो.' कोण रडवतो, कुणाला? 1988 च्या वहीत एका कादंबरीपुढे 'अप्रतिम!!' असं दोन उद्गारचिन्हांसकट लिहिलंय आणि मला त्यातलं एक पात्र आठवत नाही. मत लिहू नका. कादंबरीतलं एखादं दृश्य लिहा, एखादी वस्तू, एखादं नाव, आणि ती कुठे बसून वाचली ते. 'रणांगण'पुढे माझ्याकडे एवढंच आहे: 'हॅर्टा. मुंबईला जाताना गाडीत, सुरतेला चहा सांडला.' पान 40 वर तो डाग होता, त्यावरून अख्खी कादंबरी परत उभी राहते. आणि तारे देऊ नका. पाचपैकी चार तारे म्हणजे काय, हॉटेल आहे का ते?

सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, कुठली आवृत्ती, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव. आवृत्ती लिहिली नाही तर पानांचे आकडे कामाचे राहत नाहीत, दुसऱ्या छपाईत पान 212 कुठेतरी भलतीकडेच असतं. सोडलेली कादंबरी सोडली म्हणून लिहायचीच, पान घालून. लाज वाटली तरी. उलट ती नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. माझ्या वह्यांतून बघितलं तर मार्चमध्ये मी ठार वाचत नव्हते आणि मे महिन्यात सोडलेल्या सगळ्यात जास्त, कारण मुलांना सुट्टी.

आणि पुस्तक कुणाचं, कुणाला दिलं. हा रकाना मी हिशेबासारखाच ठेवला होता. घरात आलेलं पुस्तक डाव्या बाजूला जमा, बाहेर गेलेलं उजवीकडे नावे. इथेच ते दुसरं प्रकरण झालं.

संवत 2060 च्या वहीत, म्हणजे 2004 च्या मेमध्ये, नोंद आहे: 'नावे, भाऊजी, रणांगण.' पुस्तक परत आलं नाही. निदान मला आठवत नव्हतं. मी वर्षानुवर्षं ते बोलून दाखवलं, लग्नकार्यात, मुंजीत. मग फेब्रुवारी 2018 मध्ये बडोद्याला 91 वं साहित्य संमेलन भरलं. भाऊजी पुण्याहून आणखी तिघांना घेऊन आमच्याकडे उतरले. रात्री गप्पांत त्यांनी पुन्हा माझ्या साडेबाराचा किस्सा काढला. सगळे हसले. मी उठले, कपाटातून 2060 चा चोपडा आणला आणि त्यांच्या मित्रांसमोर उघडला.

"दिलं असेल गं परत," भाऊजी म्हणाले.

"मग जमा कुठे आहे?"

आता सगळे माझ्या बाजूनं हसले. भाऊजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ग्रंथप्रदर्शनातून आले ते 'रणांगण'ची नवी प्रत घेऊन, आणि ती टेबलावर ठेवून आंघोळीला गेले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला. सोसायट्यांच्या आवारात मगरी आल्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. आमच्याकडे मगर नाही आली, पाणी आलं, गुडघ्याएवढं. आम्ही तीन दिवस वर शेजाऱ्यांकडे. कपाटाच्या खालच्या खणात वह्या होत्या, सहा चोपडे भिजून लगदा व्हायच्या बेताला आलेले. पेढीवर मी जन्मभर बॉलपेन वापरलं, पण घरी हौस म्हणून शाईचं पेन. ती सगळी शाई उतरली होती, पानंच्या पानं निळी. बॉलपेननं आणि पेन्सिलीनं लिहिलेलं जसंच्या तसं. हे नीट लक्षात ठेवा. आणि ओली पानं ओढून सोडवू नका, मधे कोरे कागद घाला, पंख्याखाली वाळवा, उन्हात ठेवू नका. मी पंधरा दिवस तेच करत होते.

संवत 2061 ची वही वाळवताना निळ्या पानावर तळाशी पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ दिसली. अक्षर माझंच. 'जमा, रणांगण, भाऊजींकडून, 3 डिसेंबर.'

पुस्तक परत आलं होतं. 2060 ची वही दिवाळीला बंद करताना येणं असलेली पुस्तकं मी नव्या वहीत ओढलीच नव्हती. बाकी पुढे ओढायची, हे पेढीवर आलेल्या नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात. 31 वर्षं मी दुसऱ्यांच्या बाक्या ओढल्या, आणि घरच्या वहीत ही चूक. त्यामुळे जुन्या वहीत ते पुस्तक कायमचं भाऊजींच्या नावे राहिलं. चहाच्या डागाची ती जुनी प्रत परत आल्यावर कुठे गेली, ते मात्र कुठल्याच वहीत नाही.

तर एक्सेल की वही. एक्सेलमध्ये अशी चूक झाली नसती, हे कबूल करते. एकच लांब यादी, वर्ष बदललं म्हणून काही बंद होत नाही, नाव टाकलं की सगळ्या नोंदी समोर. पुरात भिजतही नाही. मुलीनं माझ्या उरलेल्या वह्या तिच्या लॅपटॉपवर चढवायला घेतल्या आहेत, संवत 2050 पर्यंत आली आहे. पण तिनं वरच्या ओळीत 'एकूण' असा रकाना केला आणि तो आपोआप बेरीज करतो. तो काढून टाक म्हणून दोनदा सांगितलंय. तुम्हाला वहीच आवडत असेल तर वही घ्या, फक्त पेन्सिलीनं किंवा बॉलपेननं लिहा, वरच्या खणात ठेवा आणि दिवाळीला बाकी पुढे ओढा. आकड्यानं हुरूप येत असेल तर आकडाही लिहा, माझं काय जातंय. कॉलेजच्या वयात त्यानं वाचन वाढतंही, माझ्या भाच्याचं वाढलं.

'रणांगण'ची ती नवी प्रत माझ्याकडेच आहे. आत चिठ्ठी घातली आहे: 'देणे, भाऊजी.' 31 डिसेंबरला त्यांचा फोन आला तेव्हा सगळं सांगून टाकायचं असं ठरवून बसले होते.

"वहिनी, यंदा 61 च. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना. तुमच्या?"

"साडेअठरा."

"म्हणजे तो चौथा भाग अजून..."

"यंदा पुन्हा घेतला होता. पान 230."

ते इतकं हसले की खोकला आला, मग जाऊबाईंनी फोन घेतला, आणि ते सांगायचं राहूनच गेलं.